माणसे एकच, कायदे तीन

तळोदा : येथील आठवडे बाजारात उभे राहिले, की समोरून जाणारा माणूस महाराष्ट्राचा की गुजरातचा, हे ओळखणे कठीण जाते. पेहराव सारखा, बोली सारखी, देव सारखे, नातीगोती तर दोन्हीकडे पसरलेली. फरक असतो तो आडनावाच्या शेवटच्या अक्षराचा. अलीकडे ‘वसावे’ म्हणून नोंद होते, पलीकडे तेच कुळ ‘वसावा’ होते. तापीकाठच्या कुकरमुंडा, निझर या गावांशी तळोद्याचा व्यवहार पिढ्यान् पिढ्यांचा आहे. सातपुड्याच्या डोंगरातून अक्कलकुवा ओलांडले, की सागबारा व डेडियापाडा येतात. अक्राणीच्या कड्यावरून नर्मदेपलीकडे पाहिले, की मध्य प्रदेश दिसतो. तीन राज्यांच्या या संगमावर राहणारा समाज एक आहे. त्याला लागू असणारे कायदे मात्र अनेक आहेत.

राज्याराज्यांतील कायद्यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न एरवी विधी महाविद्यालयांच्या चर्चासत्रांत रंगतो. सीमेवरच्या माणसाच्या दृष्टीने मात्र तो जमिनीचा, जातीच्या दाखल्याचा, मजुरीचा आणि शिध्याचा प्रश्न असतो. नर्मदा जलविवाद लवादाच्या निवाड्यातील काही कलमांचा फेरविचार करण्याची मुभा १२ डिसेंबर २०२४ पासून खुली झाली आहे आणि स्थलांतरित मजुरांविषयीचा नवा केंद्रीय कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. या दोन्ही घटनांचा नंदुरबार जिल्ह्याशी थेट संबंध आहे. तेव्हा या प्रश्नाकडे तळोद्याहून पाहणे अगत्याचे ठरते.

एका प्राध्यापकाची चिंता

या विषयावर महाराष्ट्राला परके विद्वान शोधण्याची गरज नाही. १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि न्यायशास्त्राचे पेरी प्राध्यापक झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या प्रश्नाचा आयुष्यभर अभ्यास केला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला. केंद्र आणि प्रांत यांच्यातील अधिकारांची वाटणी हाच त्याचा गाभा होता. जानेवारी १९३९ मध्ये पुण्यात दिलेल्या काळे स्मृती व्याख्यानात त्यांनी संघराज्य आणि स्वातंत्र्य यांच्या नात्याची चिकित्सा केली. १९५५ साली भाषिक राज्यांवरील त्यांचे पुस्तक निघाले.

या साऱ्या चिंतनाचे सार ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे केलेल्या त्यांच्या भाषणात सापडते. संघराज्य म्हटले की कायद्यांची विविधता ओघानेच येते, हे त्यांनी मान्य केले होते. एका मर्यादेपर्यंत ही विविधता हानिकारक नसून स्थानिक गरजांना सामावून घेणारी म्हणून स्वागतार्हही आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ती मर्यादा ओलांडली की मात्र गोंधळ माजतो. विवाह, वारसा, करार, गुन्हे, वजनमापे, धनादेश अशा प्रत्येक विषयावर वीस राज्यांत वीस कायदे असतील तर काय होईल, असा सवाल त्यांनी केला होता. त्यावर मसुद्यात योजलेले उपाय तीन : एकसंध न्यायव्यवस्था, मूलभूत दिवाणी व फौजदारी कायद्यांत एकरूपता आणि महत्त्वाच्या जागांसाठी अखिल भारतीय सनदी सेवा.

देशाच्या पातळीवर हे तिन्ही उपाय उभे राहिले. तळोद्याचे दिवाणी न्यायालय आणि निझरचे न्यायालय अखेर एकाच सर्वोच्च न्यायालयाला बांधलेले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत तर गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी कोणत्याही पोलीस ठाण्याने फिर्याद नोंदवून घेण्याची तरतूद आता संहितेतच आली आहे. सीमेवरच्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हे. परंतु जमीन, दारू, सावकारी, पंचायत, पुनर्वसन हे विषय प्रामुख्याने राज्यांच्या हाती राहिले, आणि आदिवासींचे जगणे नेमके याच विषयांशी अधिक बांधलेले आहे.

१ मे १९६० : रेषा कोठून गेली

महाराष्ट्र दिनाचा उत्सव आपण दरवर्षी साजरा करतो. त्या दिवशी तळोदा तालुक्यातून काय गेले, याची आठवण मात्र फारशी निघत नाही. मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० अन्वये तत्कालीन पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांतील काही गावे गुजरातला देण्यात आली. ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यातील गावेही त्याच यादीत होती. त्या गावांनी आपली जागा सोडली नाही. त्यांची राजधानी तेवढी बदलली.

या अधिनियमाच्या ८७ व्या कलमात एक महत्त्वाची तरतूद होती. राज्य दुभंगले तरी आधीपासून लागू असलेले कायदे सक्षम विधिमंडळ बदल करीपर्यंत दोन्ही भागांत तसेच चालू राहतील, असे त्यात म्हटले होते. म्हणजे १ मे १९६० च्या सकाळी तळोद्याचा आणि निझरचा कायदा शब्दश: एक होता. कूळकायदा एक, दारूबंदी कायदा एक, ग्रामपंचायत कायदा एक, सावकारी कायदा एक. कायद्यांचा मेळ घालण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते जुळलेलेच होते. त्यानंतरच्या सहा दशकांत दोन विधिमंडळांनी आपापल्या गरजेनुसार आणि राजकारणानुसार ते वेगळे केले.

महाराष्ट्राने १९६६ साली स्वत:ची जमीन महसूल संहिता केली. गुजरातने १८७९ ची जुनी संहिताच सुधारत पुढे नेली. आदिवासींच्या जमिनी बिगर आदिवासींच्या घशात जाऊ नयेत, यासाठी महाराष्ट्राने १९७४ साली कलम ३६ अ आणले आणि गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्याचा स्वतंत्र कायदाही केला. गुजरातने त्यासाठी आपल्या संहितेत कलम ७३ अअ घातले. हेतू एक, परंतु कलमे निराळी आणि परवानगीची रीतही निराळी. सावकारीवर गुजरातने २०११ साली, तर महाराष्ट्राने २०१४ साली नवा कायदा केला. त्यामुळे एकाच कुटुंबातील दोन भावांच्या शिवाराच्या सीमेच्या दोन बाजूंना असलेल्या दोन तुकड्यांसाठी दोन वेगवेगळ्या तहसील कार्यालयांत, दोन भाषांतील उतारे घेऊन, दोन वेगळ्या कायद्यांन्वये दाद मागावी लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही सीमा मराठी आणि गुजराती या दोन भाषांचा वाद मिटविण्यासाठी आखली गेली. ज्यांच्या गावांतून ती गेली, त्यांची घरची बोली यांपैकी कोणतीच नव्हती. भिली, मावची, पावरी बोलणाऱ्यांचे मत त्या वादात मोजलेच गेले नाही. एका राज्यात एकच भाषा असावी, परंतु एका भाषेचे एकच राज्य असलेच पाहिजे असे नाही, हा आंबेडकरांचा सिद्धांत प्रसिद्ध आहे. भाषिक राज्यात संख्येने मोठ्या समाजाच्या हाती सत्ता एकवटून लहान समाज दबले जातील, हा त्यांनी दिलेला इशारा तितकासा प्रसिद्ध नाही. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातील पट्टा मिळून स्वतंत्र भिल प्रदेश व्हावा, ही मागणी अधूनमधून डोके वर काढते, तिच्या मुळाशी हीच उपेक्षा आहे.

एक कायदा, दोन फळे

कायद्याची अक्षरे सारखी असली म्हणजे परिणामही सारखा होतो, हा समज मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ या एकाच उदाहरणाने दूर होतो. द्विभाषिक मुंबई राज्याचा हा कायदा दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. महाराष्ट्राने साठच्या दशकात त्याची धार बोथट केली आणि परवान्यांच्या मार्गाने दारूविक्रीला वाट दिली. गुजरातने बंदी कायम ठेवली आणि २०१७ च्या दुरुस्तीने दारूची निर्मिती, विक्री व वाहतूक यांसाठी दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. त्याच गुजरातने डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत मात्र सवलत दिली. इकडे महाराष्ट्रातही वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत बंदी आहे.

परिणामी, सीमेच्या अलीकडे जो परवानाधारक व्यापार आहे, तोच काही किलोमीटरवर गंभीर गुन्हा ठरतो. दोन राज्यांच्या कायद्यांतील या तफावतीवर चोरट्या वाहतुकीचा धंदा पोसला जातो. त्याचा नफा दूरच्या शहरांत जातो आणि गाडीत बसून माल पोहोचविणारा, पकडला गेल्यास तुरुंगात जाणारा तरुण बहुधा सीमेवरच्या पाड्याचा असतो. दारूबंदी असावी की नसावी, हा वेगळा वाद आहे. परंतु शेजारच्या कायद्याचा विचार न करता केलेल्या कायद्याची किंमत सीमेवरचे लोक मोजतात, हे नाकारता येणार नाही.

नर्मदेचा निवाडा : मेळाचा सर्वांत मोठा प्रयोग

राज्यांचे कायदे जुळविण्याचा या भागातील सर्वांत मोठा प्रयोग नर्मदेवर झाला. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १२ डिसेंबर १९७९ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाला. नदीतील २८ दशलक्ष एकर फूट पाणी उपयोगात येईल असे धरून मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ असे वाटप झाले. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला. त्याबदल्यात अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बुडिताच्या छायेत आली.

या निवाड्याचे मोठेपण पाणीवाटपापुरते नव्हते. पुनर्वसनाचे नियम त्याने तिन्ही राज्यांवर एकसारखे बांधून दिले. पाव हिश्शापेक्षा अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर सिंचनक्षम जमीन, सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब, आणि बुडिताच्या किमान एक वर्ष आधी जमिनीचा ताबा. विस्थापिताने गुजरातेत जायचे की आपल्याच राज्यात राहायचे, याची निवडही त्याच्याकडे होती आणि खर्च गुजरातने द्यायचा होता. राज्याच्या सीमेपलीकडे हक्क घेऊन जाण्याची अशी सोय त्या काळात अपवादात्मकच म्हटली पाहिजे.

मात्र निवाड्याने जेथे मौन पाळले, तेथे राज्यांची धोरणे फुटली. भूमिहीनांचे काय, वनजमिनीवर पिढ्यान् पिढ्या नेवाड कसणाऱ्यांचे काय, सज्ञान मुलाला नेमके किती द्यायचे? गुजरातने १९८७ च्या धोरणात भूमिहीनांना आणि सज्ञान मुलांनाही दोन हेक्टर देण्याचे मान्य केले. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांची धोरणे तितकी उदार नव्हती. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांच्या स्वतंत्र समितीने जून १९९२ च्या अहवालात या तफावतीवर नेमके बोट ठेवले. धरण एक, बुडीत एक, नदीच्या समोरासमोरच्या काठांवरचे नातेवाईकही एक, परंतु कोणाला किती जमीन मिळणार हे गाव कोणत्या राज्यात मोडते यावर ठरणार, ही ती विसंगती होती. पुढील वर्षी, १९९३ मध्ये, प्रकल्पाचे जागतिक बँकेचे कर्ज थांबले.

तळोद्याच्या वाट्याला या इतिहासाचा पुढचा अध्याय आला. मणिबेलीसारख्या गावांतील काही कुटुंबे गुजरातेतील परवेटा येथे गेली. महाराष्ट्रात राहू इच्छिणाऱ्यांसाठी १९९० साली तळोद्याच्या जंगलातील २,७०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली आणि सोमावल, रोझवा अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. डोंगरातील माणूस सपाटीवर आला. त्याच जंगलावर आधीपासून गुजराण करणाऱ्या तळोद्याच्या गावांना मात्र कोणत्याही लवादाने पक्षकार मानले नव्हते. विस्थापित आणि यजमान, दोघेही आदिवासी, दोघेही गरजू. कायद्याने एकाचा हक्क लिहिला आणि दुसऱ्याचा लिहायचा राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० च्या निकालात धरणाला वाट दिली, ती निवाड्याप्रमाणे पुनर्वसन व्हावे या अटीवर. मार्च २००५ मध्ये सज्ञान मुलांच्या जमिनीच्या हक्काचा न्यायालयाने पुनरुच्चार केला. १७ सप्टेंबर २०१७ रोजी १३८.६८ मीटर उंचीचे धरण राष्ट्रार्पण झाले. आता निवाड्याला पंचेचाळीस वर्षे पूर्ण झाल्याने पाणीवाटपासह काही कलमांच्या फेरविचाराचा मार्ग खुला आहे. राज्ये या संधीकडे पाण्याच्या हिशेबानेच पाहतील, हे उघड आहे. महाराष्ट्राने आपल्या पाव दशलक्ष एकर फुटांचा, म्हणजे सुमारे १०.८९ अब्ज घनफूट पाण्याचा विचार जरूर करावा. परंतु त्याच टेबलावर तीन राज्यांतील विस्थापितांना समान हक्क आणि यजमान गावांचे स्थान, हे दोन विषयही महाराष्ट्रानेच मांडले पाहिजेत. गुजरात तो मांडणार नाही, कारण खर्च त्याचा आहे.

दाखला सीमा ओलांडत नाही

दुसरा प्रश्न ओळखीचा. घटनेच्या ३४२ व्या कलमानुसार अनुसूचित जमातींची यादी राज्यवार असते. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशासंबंधीच्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात १९९० साली घटनापीठाने निर्णय दिला, की एका राज्यात अनुसूचित जमातीचा असलेला माणूस दुसऱ्या राज्यात गेल्यावर आपला दर्जा सोबत नेत नाही. २०१८ साली बीरसिंग प्रकरणात दुसऱ्या घटनापीठाने हेच तत्त्व राज्यांच्या बाबतीत कायम ठेवले. यामागचा तर्क निराधार नाही. मागासलेपण हे त्या त्या प्रदेशाच्या परिस्थितीशी जोडलेले असते आणि स्थानिक आदिवासींच्या जागा बाहेरून आलेल्याने घेऊ नयेत, ही काळजी रास्त आहे.

परंतु दूरच्या राज्यातून महानगरात आलेला नोकरदार आणि ओढा ओलांडून सासरी गेलेली मुलगी, यांना एकाच मापाने मोजता येईल काय? महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही याद्यांत भिल्ल या नोंदीखाली पावरा, वसावा, वसावे ही नावे आहेत, कारण दोन्ही याद्यांचे मूळ एकाच जुन्या मुंबई राज्यात आहे. मध्य प्रदेशच्या यादीत मात्र भिलाला, बारेला ही नावे येतात. पावरा आणि बारेला यांचे नाते सातपुड्यात सर्वांना ठाऊक आहे. कार्यालयातील यादीला ते ठाऊक नसते.

या कोंडीतून वाट न्यायालयांनीच दाखविली आहे. सुधाकर विठ्ठल कुंभारे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की पूर्वी एकाच राज्यात असलेल्या आणि पुनर्रचनेने विभागल्या गेलेल्या प्रदेशातील जमातीचा प्रश्न वेगळ्या दृष्टीने पाहावा लागेल. २०२१ च्या पंकजकुमार प्रकरणात बिहार आणि झारखंड यांच्या संदर्भात न्यायालयाने स्पष्ट केले, की अशा व्यक्तीला दोन्हींपैकी एका राज्यात आरक्षणाचा लाभ घेता येईल, मात्र दोन्हीकडे एकाच वेळी नाही. हा न्याय तळोदा-निझर पट्ट्याला का लावू नये? सहा सप्टेंबर १९५० रोजी, जेव्हा जमातींचा पहिला आदेश निघाला, तेव्हा ही सारी गावे एकाच मुंबई राज्यात होती. ज्याचे आजोबा त्या दिवशी कुकरमुंड्यात राहत होते आणि ज्याचे तळोद्यात, त्या दोघांत पुराव्याच्या दृष्टीने फरक करणे तर्काला धरून नाही. शिवाय ज्या कुटुंबांना धरणामुळे शासनानेच सीमेपलीकडे नेले, त्यांना ‘स्थलांतरित’ म्हणणे हे शब्दाचेही अवमूल्यन आहे.

कोयता आणि शिधापत्रिका

दिवाळी सरली, की नंदुरबार जिल्ह्यातील असंख्य जोडपी दक्षिण गुजरातेतील ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानला जातो आणि मुले सोबत किंवा म्हाताऱ्यांपाशी राहतात. तोडणीचा दर गुजरातचे शासन आणि तेथील कारखाने ठरवितात. महाराष्ट्राने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन केले, परंतु त्याचा निधी महाराष्ट्रातील कारखान्यांच्या गाळपावर, टनामागे दहा रुपये आणि तितकाच शासनाचा वाटा, असा उभा राहतो. बीडचा मजूर पश्चिम महाराष्ट्रात तोडणीला गेला, तर हिशेब एकाच राज्यात राहतो. तळोद्याचा मजूर मात्र घाम गुजरातेत गाळतो आणि मतदान महाराष्ट्रात करतो. त्याच्या वाट्याचे टनामागचे दहा रुपये कोणी जमा करायचे?

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा ठेकेदाराने नेलेल्या पाच किंवा अधिक मजुरांना लागू होता. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा संहिता, २०२० ही आता अमलात आली आहे. तिने स्वत:हून गेलेल्या मजुरालाही व्याख्येत घेतले आणि वर्षातून एकदा गावी जाण्याचा प्रवासखर्च देऊ केला, ही जमेची बाजू. पण मजुरांच्या संख्येची अट पाचावरून दहावर गेली, ही उणी बाजू. लहान टोळ्यांना कागदोपत्री वेगवेगळे दाखवून ही अट चुकविणे अवघड नाही.

याच क्षेत्रात एक चांगले उदाहरणही आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेचा आंतरराज्य प्रयोग ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या दोन जोड्यांत सुरू झाला, त्यातील एक जोडी महाराष्ट्र आणि गुजरात यांची होती. २०२२ पर्यंत सारी राज्ये तिच्यात आली. येथे महाराष्ट्राने गुजरातची शिधावाटप पद्धत उचलली नाही, की गुजरातने महाराष्ट्राची. धान्याचा हक्क तेवढा माणसासोबत चालू लागला. अंगठा जुळत नाही, दुकानदार परत पाठवितो अशा अडचणी आहेतच. तरीही तत्त्व म्हणून ही योजना या साऱ्या चर्चेला दिशा देणारी आहे.

एकरूपता नव्हे, सुसंगती

जगातही हाच अनुभव आहे. युरोपीय समुदायाने आधी प्रत्येक वस्तूचा नियम सर्व देशांत एकसारखा करण्याचा खटाटोप केला. १९७९ साली ‘कासी द दिजाँ’ या मद्याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने दुसरी वाट दाखविली : एका देशात कायदेशीररीत्या तयार झालेली वस्तू सबळ कारणाशिवाय दुसऱ्या देशाने अडवू नये. नियम वेगळे राहिले, पण परस्परांनी ते मान्य केले. आफ्रिकेत, मुख्यत: फ्रेंच भाषक देशांनी, १९९३ च्या पोर्ट लुई करारान्वये व्यापारविषयक कायदे शब्दश: समान केले आणि त्यांसाठी सामाईक न्यायालय नेमले. व्यापाराला एकरूपता मानवते. भारतातील वस्तू व सेवा कर हे त्याचेच उदाहरण असून जुलै २०१७ नंतर राज्यांचे विक्रीकर नाके गेले, तेव्हा मिरची आणि पपईच्या ट्रकांची वाट मोकळी झाली.

मालाला मिळालेली ही मोकळीक माणसाच्या हक्कांना अद्याप पुरती मिळालेली नाही, हे सीमेवरचे खरे शल्य आहे. आणि येथे एकरूपतेचा हट्ट घातकही ठरू शकतो. पेसा कायदा १९९६ चा, केंद्राचा, सर्व अनुसूचित क्षेत्रांसाठी एकच. पण त्याचे नियम महाराष्ट्राने २०१४ मध्ये, गुजरातने २०१७ मध्ये आणि मध्य प्रदेशने २०२२ मध्ये केले. महाराष्ट्राच्या नियमांत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळविण्याची सोय आहे. तिन्ही राज्यांचे नियम एकसारखे करायचे म्हणून ही सोय खाली आणली गेली, तर असा मेळ काय कामाचा? २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे उदाहरण ताजे आहे. केंद्राने देशभर एक किमान मर्यादा घालून दिली, पण गुजरातने २०१६ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्त्या करून तिला पळवाटा ठेवल्या. गुंतवणुकीच्या स्पर्धेत शेजाऱ्याशी मेळ घालताना राज्ये बहुधा खालच्या पायरीवर भेटतात.

म्हणून मेळ घालायचा, तो वरच्या पायरीवर. ज्या राज्याचा नियम दुबळ्याला अधिक देतो, तो सामाईक किमान म्हणून धरावा. त्यावर भर घालण्यास प्रत्येक राज्य मोकळे असावे आणि एका राज्यातील ओळख, दाखला, नोंदणी दुसऱ्याने मान्य करावी. आंबेडकरांनी सांगितलेली मर्यादा हीच. विविधता गरजेला सामावून घेते तोवर ठेवावी, ती माणसाचा हक्क हिरावते तेथे तिला आवर घालावा.

व्यासपीठ आहे, विषय हवा

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ ने विभागीय परिषदा दिल्या आहेत आणि सीमा, भाषिक अल्पसंख्य, आर्थिक व सामाजिक नियोजन हे सारे विषय त्यांच्या कक्षेत येतात. पश्चिम विभागीय परिषदेची सत्ताविसावी बैठक २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात झाली. अडचण एवढीच, की मध्य प्रदेश मध्य विभागीय परिषदेत आहे. त्यामुळे सातपुड्याचे तिन्ही भाग एका टेबलावर कधीच येत नाहीत. नंदुरबार, तापी, नर्मदा, अलिराजपूर आणि बडवानी या पाच जिल्ह्यांसाठी दोन्ही परिषदांची संयुक्त स्थायी समिती नेमणे कायद्याच्या दृष्टीने कठीण नाही. विषयपत्रिका तयारच आहे : पुनर्रचित गावांतील जमातीच्या दाखल्यांना परस्परमान्यता, ऊसतोड मजुरांची संयुक्त नोंदणी व कल्याणनिधीतील वाटा, विस्थापितांच्या हक्कांचे समान किमान आणि सीमेवरच्या जमिनींच्या नोंदी दोन्ही लिपींत.

तळोद्यात आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि येथील वनविभागाच्या नावात आजही जुन्या ‘मेवासी’ जहागिरींची आठवण टिकून आहे. त्या काळी या पट्ट्याला निराळा मानून निराळे कायदे लावले गेले, ते परक्या सरकारच्या सोयीसाठी. स्वतंत्र भारतात तीन सरकारांनी तीन कायदे लावले, ते आपापल्या सोयीसाठी. येथे राहणाऱ्यांच्या सोयीसाठी कायदे जुळविण्याचे काम मात्र अजून कोणीच हाती घेतलेले नाही. नर्मदेच्या निवाड्याचा फेरविचार होईल तेव्हा पाण्याचे माप थेंबाथेंबाने घेतले जाईल. तेव्हा सीमेवरच्या माणसाच्या हक्काचेही माप घेण्याचे भान महाराष्ट्राने दाखविले, तर १ मे १९६० रोजी तळोद्याच्या शिवारातून ओढलेली ती रेषा निदान पुढच्या पिढीला तरी आडवी येणार नाही.